वैशाखातलं वांगं

मे महिन्यात चंद्रपुरात गच्चीवर वांगं धरून दाखवते, असं मी म्हटलं तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि चष्मा परत खाली घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांची मुकी भाषा कळते. त्याचा अर्थ होता, हिला ऊन लागलं.

ह्यांचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. आमच्याकडचा मे महिना आता माणसांचा राहिलेला नाही. मी तरुण होते तेव्हा पारा पंचेचाळीसला गेला की लोक दिवसभर तेच बोलायचे. आता पंचेचाळीस असला की आम्ही म्हणतो, आज जरा बरं आहे. बाजार, बँका, कोर्ट सगळं पहाटे उघडतं आणि सकाळी आठला शटर खाली. मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मधमाश्या तर मार्चमध्येच गाव सोडतात. झाडं मरत नाहीत, पण जगतातही नाहीत. फुलं गाळून, पानं मुडपून नुसती उभी असतात. म्हणून मेमध्ये आम्ही वड्या खातो, सांडगे खातो, वाळवलेली गवार खातो. नाही तर थंड शेडमध्ये निळ्या दिव्यांखाली वाढवलेली भाजी खातो, तिला मी भाजी म्हणत नाही.

मी मंदाकिनी वैरागडे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ तिखट. निवृत्त झाल्यावर पोरं ओरडायला उरली नाहीत, म्हणून गच्चीवर अर्धे कापलेले पिंप मांडून बाग केली. वांगी, भेंडी, चवळी, दोडका. त्यांच्याशी मी रोज बोलते. उत्तर देत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण आहे.

वांग्याचा हट्ट मी धरला तो सिरिशासाठी. सिरिशा आमची सून. करीमनगरची, माहेरची भाषा तेलुगू. माझा मुलगा निनाद आणि ती हैदराबादला शिकताना भेटले. ती कान तपासते. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं तिच्या दवाखान्यातले लोक सांगतात. निनाद कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या कामावर गेला, म्हणून ती चंद्रपूरच्या दवाखान्यात बदली घेऊन आमच्यापाशी राहायला आली. थोड्याच दिवसांत कळलं की तिला दिवस गेलेत.

पोरगी गुणाची. पण इतकी गुणाची की मला घाम फुटायचा. खिचडी करू का? "चालेल आई." थालीपीठ? "चालेल आई." कूलर बंद करू? "चालेल आई." अगं बाई, एकदा तरी नाही म्हण. घरात कायमची पाहुणी आल्यासारखं वाटायचं आणि मीच माझ्या स्वयंपाकघरात जपून भांडी ठेवायला लागले होते. चालेल म्हणायची, दोन घास खायची आणि ताट सरकवायची. खाल्लेलंही टिकायचं नाही. पाचवा महिना लागला तरी ओकाऱ्या थांबेनात. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिचं वजन वाढायचं सोडून घटून राहिलं. पुढच्या तपासणीपर्यंत असंच राहिलं तर भरती करून घेईन. बाळाला कमी पडून चालणार नाही."

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "सिरिशा, मला चालेल नको. तुला काय खावंसं वाटते ते सांग. डोहाळे आहेत ते, त्यात लाजायचं काय?"

बराच वेळ ती पदराशी, म्हणजे ओढणीशी, खेळत राहिली. मग म्हणाली, "वंकाय."

"काय?"

"वांगं, आई. हिरवं, निखाऱ्यावर भाजलेलं. त्याचा तो जळका वास रोज नाकात येतो माझ्या. झोपेतपण येतो." आणि लगेच, "पण आता कुठून मिळणार. राहू द्या. वरणभात चालेल."

मी ह्यांना पहाटेच बाजारात पिटाळलं. शेडमधली वांगी आली, जांभळी, गुळगुळीत, एकाला एक मापात. भाजली तर पाणी सुटलं आणि वास म्हणून आला नाही. सिरिशानं एक घास तोंडात घेतला, माझ्याकडे पाहून कसाबसा गिळला.

"हे वांगं नाही आई," ती म्हणाली. "वांग्याचा फोटो आहे."

आणि मग तीनदा सॉरी म्हणाली. मला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की काय सांगू. पहिल्यांदा ह्या घरात तिनं काहीतरी धड नाकारलं होतं. त्याच क्षणी मी ठरवलं की हिला वांगं खाऊ घालायचं, आणि घालायचं तर ह्याच मे महिन्यात, माझ्या गच्चीवरचं.

झाडं होती. फाल्गुनात लावलेली आठ हिरव्या वांग्याची झाडं चांगली कमरेएवढी झाली होती. पण फूल आलं की दुपारी गळायचं. पाणी द्यावं तर नळाला पाणी मोजकं आणि पिंपातली माती दुपारी हात लावू देत नाही. शेजारच्या वासाडे भाऊजींनी आदल्या वर्षीच कानोसा नावाचं यंत्र बसवलं होतं आणि येता-जाता माझ्या कानीकपाळी ओरडायचे, "वहिनी, जमाना बदलला. झाडाले विचारून पाणी द्या." मी इतके दिवस दाद दिली नव्हती. आता गेले आणि घेऊन आले.

कानोसा म्हणजे काय, ते सांगते. झाडाच्या खोडात मुळापासून पानापर्यंत पाण्याच्या केसाहून बारीक धारा असतात. वरून ऊन पाणी ओढतं, खालून माती देत नाही, मध्ये धारेला ताण पडतो आणि ती तुटते. तुटताना हवेचा बुडबुडा होतो आणि टक् असा आवाज निघतो. तो इतक्या वरच्या पट्टीत असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. तहानलेलं झाड दिवसभर असं टकटकत असतं आणि आपण शेजारी उभे राहून म्हणतो, किती शांतता आहे. कानोसाचे बटणाएवढे कान खोडांना चिकटवायचे. कोणतं झाड किती तहानलंय ते ऐकून यंत्र त्याच्या नळीतून तेवढं पाणी सोडतं. झाडाला मन आहे, ते बोलतं, असलं काही नाही. यंत्र फक्त तुटलेल्या धारा मोजतं.

वरून ही बया भारी काटकसरी. टाकीतलं पाणी जपायचं, हे तिला कारखान्यातूनच शिकवलेलं. घरातलं माणूस स्वतः पाणी घालायला येणार असेल, तर ती आपलं पाणी सोडत नाही. म्हणून ती आपलं बोलणंही ऐकते. अगदीच जिवावर बेतलं तरच थेंब-थेंब सोडते. आवाज बाईचा आणि मराठी अशी की पाठ्यपुस्तक परवडलं.

"नमस्कार. मी कानोसा. आपण या झाडांच्या पालक आहात का?"

"हाव," मी म्हटलं.

"क्षमा करा, मला समजले नाही."

"हो म्हटलं बाई, हो."

अशी आमची ओळख झाली. रोज पहाटे मी वर जायची, हातानं थोडं पाणी घालायची, पिवळं पान खुडायची, प्रत्येक झाडाला दोन शब्द ऐकवायची. ऊन चटकायला लागलं की त्यांच्याकडे वळून म्हणायची, "येते बरं का," आणि खाली उतरायची. बाकीचा दिवस बया सांभाळणार, म्हणून मी निर्धास्त.

तिसऱ्याच दिवशी दुपारी जिन्याच्या दाराच्या फटीतून पाहिलं तर आठही झाडं माना टाकून उभी. नळ्या कोरड्या. टाकीत पाणी आहे, यंत्राचा हिरवा दिवा सुरू आहे, आणि पाणी नाही.

"काय करून राहिली तू?" मी दारातूनच ओरडले.

"मी वाट पाहत आहे," कानोसा म्हणाली.

"कोणाची? पावसाची?"

"क्षमा करा, मला समजले नाही."

संध्याकाळी मी बादलीनं पाणी घातलं, झाडं उठून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी कंपनीला फोन केला, तिथला माणूस म्हणाला यंत्र ठणठणीत आहे. तिकडे वासाडे भाऊजींची झाडं दुपारीसुद्धा ताठ, पानं तळहाताएवढी, फुलं लगडलेली. ती फुलंही गळायची हा भाग वेगळा, पण दिसायला बाग दृष्ट लागण्यासारखी. भाऊजी कठड्यावरून डोकावून माझ्या मरगळलेल्या वांग्यांकडे बघायचे आणि काही न बोलता आत जायचे. बोलले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

खाली सिरिशा ताकावर आणि मुरमुऱ्यांवर दिवस काढत होती. तिच्या मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. मी रोज वरून खाली यायची तेव्हा ती विचारायची नाही, पण बघायची. तिचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

मग उन्हाची मोठी लाट आली आणि त्यातच धरणाकडून येणारी मोठी पाइपलाइन फुटली. टँकर येईल तेव्हा पाणी. पिण्यापुरतं ठेवून बाकीचं वर चढवायचं. कानोसाचीही टाकी तळाला गेली. पहिल्या दोन दिवसांतच वासाडे भाऊजींची बाग बसली. बसली म्हणजे उभ्या-उभ्या शिजली. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडायची. मी मनातल्या मनात खूश व्हायला गेले, पण भाऊजींचा चेहरा पाहून जमलं नाही. माणूस पिंपाच्या कडेला हात ठेवून उभा होता.

माझ्या झाडांचं आता काय झालं असेल ह्या विचारानं मी संध्याकाळी जिना चढले. माना टाकलेल्या होत्या. दोन तांबे पाणी घातलं. अर्ध्या तासात आठही उठली. दुसऱ्या दिवशी परत तेच. ज्यांना इतके दिवस पाणी धड मिळालं नाही ती जगली आणि ज्यांचे लाड झाले ती गेली. मला काही उलगडेना.

त्या संध्याकाळी सिरिशा पहिल्यांदा गच्चीवर आली. जिना चढून दमली होती, पण तिला माझी बडबड ऐकू आली होती. मी बयेला शिव्या देत होते आणि बया क्षमा मागत होती.

"आई, हिनं काय-काय ऐकलं ते फोनवर दिसतं ना? मी बघू?"

तिनं कानात तिचं छोटं ऐकायचं यंत्र घातलं आणि पिंपाच्या सावलीत मांडी घालून बसली. झाडांचे टक् टक् आवाज तिनं खालच्या पट्टीत उतरवून मलाही ऐकवले. ज्वारी तापल्या कढईत फुटायला लागते तसे. आपल्या झाडांचा आवाज आणि वासाडे भाऊजींकडून मागून घेतलेला त्यांच्या झाडांचा जुना आवाज तिनं मागचा-पुढचा लावून पाहिला.

"आपली झाडं कमी टकटकतात," ती हळूहळू म्हणाली. "तेवढ्याच उन्हात. म्हणजे आई, ही शिकलीत. रोज थोडी-थोडी तहान लागली, तर त्यांनी मुळं खाली धाडली. पानांची बारीक छिद्रं ऊन चढायच्या आधीच मिटायची सवय लावून घेतली. आणि अंडं उकळलं की आतलं पांढरं कसं आवळतं, तसं झाडाच्या आतलंही उष्णतेनं आवळतं. ते आवळू न देणारी प्रथिनं असतात. ज्या झाडाला रोज थोडा त्रास होतो, ते ती आधीपासून बनवून ठेवतं. भाऊजींच्या झाडांवर कधी वेळच आली नव्हती."

"ते ठीक आहे. पण हिनं पाणी का दिलं नाही?"

सिरिशानं सकाळचं बोलणं लावलं. माझा आवाज आला, मोठ्ठा, "येते बरं का." आणि लगेच कानोसाची नोंद, तिच्या शुद्ध भाषेत, "पालक येत आहेत. पाणी राखून ठेवत आहे."

आदल्या दिवशी, "येते बरं का." पालक येत आहेत. त्याच्या आदल्या दिवशी, "येते गं बायांनो." पालक येत आहेत.

सिरिशा माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मग ती जी हसायला लागली, ती थांबेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं आता हिला काही होतं की काय. ती हसता-हसता म्हणाली, "आई, तुम्ही रोज येते म्हणता आणि संध्याकाळपर्यंत येतच नाही. ती बिचारी दार बघत बसते."

"अगं पण निघताना दुसरं काय म्हणतात? आपल्यात येतेच म्हणतात."

"आमच्यातपण. वेळ्ळोस्तानु. जाऊन येते. माझी आई दळण आणायला गेली तरी तसंच म्हणते. हिला बनवणाऱ्यानं पुस्तकातला अर्थ दिला असेल, आई. घरातला दिला नाही."

मलाही हसू आलं, पण मग नजर झाडांकडे गेली. इतके दिवस मी त्या झाडांना येते म्हणून सांगून कूलरसमोर झोपत होते, आणि ती माना टाकून उभी होती. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हिला सांगते की मला यायचं नसते."

"थांबा," सिरिशा म्हणाली. "सांगू नका. आता उलटं करू. ज्या झाडाला फळ नाही त्याला तसंच येते म्हणा. ते कणखर होऊ दे. ज्याला फळ धरेल त्याला मात्र पाणी वेळेवर लागेल. त्याच्यापुढे सरळ जाते म्हणा."

"जाते म्हणू? भरल्या घरात? आणि तू अशी पोटुशी बसलेली समोर? माझ्या तोंडून मेल्यावरसुद्धा निघणार नाही ते."

तिला परत हसू फुटलं. "मग संध्याकाळी येते म्हणा. तेवढं तिला कळेल."

मी शिक्षिका आहे, मला एवढं सुचू नये. पण नाही सुचलं.

आता राहिला प्रश्न फळ धरण्याचा. पुढच्या तपासणीला तीन आठवडे उरले होते. झाडांवर नवी फुलं आली होती, पण मेमधलं फूल कधी फळ होत नाही हे मी तिला सांगितलं. तिनं एक जांभळं फूल बोटावर घेऊन उलटं-पालटं पाहिलं. फोनवर काहीबाही वाचलं. मग म्हणाली, "दोन अडचणी आहेत. वांग्याचा पराग ह्या पिवळ्या नळ्यांत बंद असतो, मिठाच्या डबीसारखा. हलवल्याशिवाय पडत नाही. भुंगा पंख थरथरवून तो पाडतो, आणि भुंगे तर इथे राहिलेच नाहीत. दुसरं, ऊन चढलं की पराग मरतो. म्हणजे आपल्याला उजाडायच्या आत कोणीतरी थरथरवणारं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी ती माझ्याबरोबर वर आली. हातात तिच्या दवाखान्याच्या बॅगेतला ट्यूनिंग फोर्क. शाळेत आम्ही त्याला नादकाटा म्हणायचो. तिनं तो गुडघ्यावर ठोकला, गुं असा आवाज सुरू झाला, आणि त्याचं टोक फुलाच्या देठाला हलकेच टेकवलं. फुलातून पिवळी भुकटी भुरकन खाली उतरली. मी होते तिथंच बसकण मारली.

"ह्यानं बाळांचे कान तपासता येत नाहीत," ती म्हणाली. "मोठ्या माणसांसाठी आहे हा. ती ऐकू येतं म्हणून खोटं बोलतात." आणि पुढच्या फुलाकडे गेली.

त्याच दिवशी पाइपलाइन जोडली गेली, टाकी भरली, आणि तेव्हापासून रोज पहाटे आमचं हे सुरू झालं. ती नादकाटा वाजवायची, मी फुलं दाखवायची. तिला ओकारी आली तर कठड्यापाशी जाऊन यायची, तोंड धुवायची आणि परत कामाला लागायची. मध्येच मला करीमनगरच्या गच्चीवरच्या गोष्टी सांगायची. पोरगी बोलत होती. मी ऐकत होते, हे आमच्या ह्यांना सांगितलं तर ते खोटं मानतील.

पाचव्या की सहाव्या सकाळी, तिसऱ्या पिंपातल्या एका फुलाच्या पाकळ्या वाळून गळल्या आणि देठ गळलाच नाही. त्याच्या काटेरी टोपीतून हिरवा मण्याएवढा ठिपका बाहेर आला होता. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"संध्याकाळी येते बरं का," मी त्या झाडाला म्हटलं. बाकीच्या सातांना म्हटलं, "येते."

"आपला परतीचा काळ नोंदवला आहे," कानोसा म्हणाली, आणि दुपारी दाराच्या फटीतून पाहिलं तर त्या एकाच पिंपाची नळी ठिबकत होती.

वासाडे भाऊजींना मी सगळं सांगून टाकलं. मनात नव्हतं, पण त्यांनी नवी रोपं आणून लावली होती आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे मी काय म्हणू त्याईले?"

"येतो म्हणा."

"कोणाले?"

"भेंडीला, भाऊजी. दुसऱ्या कोणाला?"

ह्या गृहस्थानं स्वतःच्या बायकोला घराबाहेर पडताना कधी काही सांगितलं नसेल. पण पहाटे हात मागे बांधून ते भेंडीसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "येतो... बरं." खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कुठे चालले जी?" त्या दिवसापासून ते तिलाही सांगून निघायला लागले.

गल्लीत ज्यांच्या-ज्यांच्याकडे कानोसा होती, त्या सगळ्या गच्च्यांवरून पहाटे येतो-येते सुरू झालं. कोणाला म्हणायचं, कोणाला संध्याकाळी जोडायचं, ह्यावर वाद व्हायला लागले. दोन घरं त्यावरून एकमेकांशी बोलेनात. कंपनीलाही ह्याचा सुगावा लागला. त्यांच्या माणसानं मला फोन करून सांगितलं की आपल्या यंत्रात भाषेची चूक सापडली आहे, पुढच्या सुधारणेत येते म्हणजे जाते असं करून देऊ.

"हात तर लावून पाहा," मी म्हटलं. "माझं वांगं घरात येईपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे केला तर तुमच्या दारात येऊन बसीन." तो म्हणाला बरं बाई.

वांगं वाढत गेलं. आधी लिंबाएवढं, मग मुठीएवढं. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन धरली. उन्हाचा भडका जास्त असला की मी त्याच्यावर ओलं फडकं टाकायची आणि हे छत्री धरून उभे राहायचे. हो, आमचे हे. कोणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी पाहिलं तर ते एकटेच जिन्याच्या तोंडाशी उभे राहून, लांबूनच, वांग्याकडे बघत होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ते खुडलं. हिरवं, पोटाशी पांढरट, तळहातावर बरोबर मावणारं. बाकीची तीन अजून कोवळी होती, पण म्हटलं, सुनेच्या पोटापुढे काय कोवळं आणि काय जून. चारही खुडली.

गॅसवर भाजायचं नाही, हे ठरलेलं होतं. शेगडीत कोळसे पेटवले, गच्चीवरच, ऊन उतरल्यावर. वांग्यांना तेलाचा हात लावला, सुरीची टोकं मारली आणि निखाऱ्यावर ठेवली. साल चरचरली, काळी पडली, फुटली, आणि तो वास आला. वासाडे भाऊजी कठड्यावर आले. त्यांच्या मागे त्यांची बायको आली. पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "कोणाच्या घरी आहे हो?"

सिरिशा डोळे मिटून बसली होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते, मला भीती वाटत होती. इतकं करून तिनं दोन घास खाऊन ताट सरकवलं असतं, तर मला उद्या तिला भरती करायला दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या होत्या.

सालं काढली. ठेचलं. त्यात कांद्याची सुकवलेली पात, हिरवी मिरची, भाजलेले दाणे, मीठ, वरून कच्चं तेल. आमच्याकडचं भरीत, माझ्या हातचं, ज्याच्यासाठी नागपूरचे पाहुणे मुक्काम वाढवतात. ज्वारीची गरम भाकर मोडून ताटात ठेवली आणि ताट तिच्यापुढे केलं.

तिनं घास घेतला. चावला. थांबली. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आई," ती म्हणाली, "तिखट कमी आहे."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली. माझ्या भरताला तिखट कमी? आमच्या गल्लीत माझ्या भरतानं लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढलेलं आहे. मी तोंड उघडायच्या आत तिनं पुढे सांगितलं, "आणि चिंच नाही. चिंचेशिवाय कसलं भाजलेलं वांगं? दाणे कशाला घातले?"

"दाणे नाहीत तर भरीत कसलं?"

"भरीत नसेल. पच्चडी असेल, आमची चटणी. तुम्ही सरका जरा."

आणि ती उठली. ताट घेऊनच उठली. खाली गेली, खलबत्त्याचा आवाज आला, दाणदाण, शेजारपाजाऱ्यांना कळेल असा. कुटलेल्या मिरच्यांचा खकाणा जिन्यातून वर आला आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो. ती परत आली तेव्हा अर्ध्या भरताचा रंग बदललेला होता. उरलेलं अर्धं माझं तिनं तसंच ठेवलं होतं, तेवढी मेहेरबानी.

मग ती जेवली. एक भाकर संपली. दुसरी घेतली. मध्ये एकदा हात पोटावर नेला, मला वाटलं झालं, आता येणार उलटून. पण तिनं नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "हा लाथा मारतोय. त्याला तिखट लागलं." आणि परत जेवायला लागली. तिचं नाक लाल, कपाळावर घाम, ओठ सुजलेले. मी तिनं बदललेलं भरीत बोटभर चाखून पाहिलं. डोळ्यांसमोर तारे चमकले. चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

"अजून भाकर आहे?"

टोपली रिकामी होती. तिसरी ती मागेल असं मी मनातसुद्धा आणलं नव्हतं, पीठ तेवढंच भिजवलं होतं. मी खाली आले, डबा काढला, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि मळायला बसले. स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं, हातावरून घामाच्या धारा पिठात पडू नयेत म्हणून दंड पुसत होते, आणि मी गाणं गुणगुणत होते हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. तव्यावर भाकर टाकली, ती टम्म फुगली. वळून पाहते तर हे दारात उभे, हातात स्वतःचं रिकामं ताट.

"मलाही एक," ते म्हणाले.

"थांबा जी," मी म्हटलं. "आधी तिचं पोट भरू द्या."